लिहून नेलेत, त्याचे काय झाले?

शहापूरहून किन्हवलीकडे आणि पुढे मुरबाडकडे जाणारा रस्ता सापगावापाशी भातसा नदी ओलांडतो. १९९१च्या एप्रिल-मे महिन्यांत मी रोज सकाळी आसनगाव स्टेशनावर उतरून या पुलावरून जात असे. खांद्याला शबनम, तिच्यात छापील फॉर्मांचा गठ्ठा, दोन बॉलपेने आणि गाठी मारलेली एक लांब दोरी. एका संस्थेच्या पाहणीसाठी रोजंदारीवर नेमलेला मी विद्यार्थी होतो. पाहणीचा विषय होता पिण्याचे पाणी. घरात माणसे किती, हंडे किती, खेपा किती, विहीर किती लांब, तिला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असते, हे विचारायचे आणि चौकोनांत आकडे भरायचे. दोरी विहिरीत सोडून पाण्याची खोली मोजायची. काम सोपे होते, फक्त ऊन फार होते.

सापगावच्या पुढच्या एका पाड्यावर सारवलेल्या अंगणात मोह वाळत घातला होता आणि त्याच्या राखणीला एक आजी बसली होती. तिने माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली. मी फॉर्म मिटून उठलो तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला.

‘‘मागल्या साली एक सायेब असाच लिवून घेऊन गेला. त्याचा काय झाला?’’

मी म्हणालो, ‘‘आजी, ते दुसऱ्या ऑफिसचे असतील. आमचे वेगळे.’’

‘‘मंग त्याच्याकडनं घे ना! माजा तोंड कशाला दुखवतोस?’’

पाड्यावरच्या बायका हसल्या, मीही हसलो. फॉर्मच्या शेवटी ‘शेरा’ नावाची एक रिकामी जागा होती, तिथे मी ‘सहकार्य केले’ असे लिहिले. आजीने विचारलेला प्रश्न लिहिला नाही. तो लिहिण्यासारखा आहे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

त्या फॉर्मांचे पुढे काय झाले ते सांगतो. त्यांच्यावरून एक चाळीस पानी अहवाल तयार झाला. त्यात सरासरी होत्या, टक्केवारी होती, शेवटी शिफारशी होत्या. फॉर्म एका लोखंडी कपाटात गेले. काही वर्षांनी कपाटाची जागा दुसऱ्या कशासाठी तरी हवी झाली आणि फॉर्म रद्दीत गेले. त्या संस्थेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या काळात बहुतेक ठिकाणी असेच होत असे आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. अहवाल झाला म्हणजे काम झाले. मसाला कुटून झाल्यावर मिरच्यांची देठे कोणी जपून ठेवते का?

पण आकड्यांचे तसे नसते. गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. पाड्यावर दोन बोअर झाल्या आहेत, त्यातली एक कोरडी. बायका सांगत होत्या, पूर्वी वरच्या विहिरीला मेअखेरपर्यंत पाणी टिकायचे, आता मार्चमध्येच तळ दिसतो. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, छे, तेव्हाही असेच होते, तुम्ही विसरलात. टंचाई आराखडा करणाऱ्यांकडे अलीकडची टँकरांची नोंद होती, पस्तीस वर्षांपूर्वीची विहिरीची खोली कुठून असणार? ती मी मोजली होती! त्या पाड्याचीच नव्हे, आसपासच्या सगळ्या वस्त्यांची. दर आठवड्याला, ऊन डोक्यावर घेऊन. बाईंचे बरोबर की आजोबांचे, हे त्या रद्दीतल्या गठ्ठ्याने पाच मिनिटांत सांगितले असते.

आता या तालुक्यात आकड्यांची कमतरता आहे असेही नाही. पावसाळा आला की मुंबईची वर्तमानपत्रे रोज तलावांची पातळी छापतात. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर, आणि त्यातले ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसाचे. म्हणजे निम्मे. १८९२ साली पुरे झालेले तानसाही याच तालुक्यात. दादरच्या चाळीत चहा पिणाऱ्या माणसाला भातसा काल किती सेंटिमीटरने वाढला हे ठाऊक असते. धरणापासून काही कोसांवर डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बाईच्या विहिरीची पातळी मात्र कुठेच छापली जात नाही. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. पण त्या निवडक असतात. पाड्यापाड्यांची मोजमापे करतात ते विद्यार्थी, संशोधक, स्वयंसेवी संस्था. आणि ती जातात कपाटात.

संशोधकाने गोळा केलेली मूळ आकडेवारी, म्हणजे निष्कर्ष नव्हेत, तर त्या निष्कर्षांमागचा कच्चा माल, सगळ्यांना पाहता यावा म्हणून जगभर आता खुली भांडारे उभी राहिली आहेत. हा विषय संगणकवाल्यांचा आहे असे समजून आपण पान उलटतो. वास्तविक मराठी माणसाला यात काही नवे वाटू नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनी दुसरे काय केले? गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरचे आणि कोनाड्यांतले कागद मिळवून ते घरी ट्रंकेत भरून बसले नाहीत. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांनी ती पत्रे खंडामागून खंड छापली, बावीस खंड. त्यांच्या लांबलचक प्रस्तावना कोणाला पटतील, कोणाला पटणार नाहीत. पण पत्रे समोर आहेत, तेव्हा ज्याला राजवाडे मान्य नाहीत त्यालाही त्याच पत्रांवरून भांडता येते. ‘साधने’ हा शब्दच पाहा. आपला निष्कर्ष वेगळा आणि इतरांच्या हाती द्यायचे साधन वेगळे, ही समज त्या एका शब्दात आहे. पुण्याचे पेशवे दफ्तर सरकारी कुलपात होते. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत छापले गेले, तेव्हा मराठ्यांचा इतिहास लिहिणे हे चार भाग्यवंतांचे काम राहिले नाही.

जुने कागद जपले तर काय होते याचे एक उदाहरण शेतीतले आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. जुन्या नोंदींशी ताडून त्यांनी दाखवले की १७७१ साली या गावात सरासरी खातेदाराकडे चाळीस एकर जमीन होती, ती १९१५च्या सुमारास सात एकरांवर आली होती. १७७१ साली कोणा कारकुनाने बोरूने लिहिलेली नोंद दीडशे वर्षे टिकली म्हणून हे वाक्य लिहिता आले. आज पिंपळे सौदागरात शेत शोधावे लागेल, सगळीकडे उंच इमारती आहेत. मानसाहेबांचे पुस्तक मात्र आहे आणि त्यातले तक्ते अजून कामाला येतात.

परंतु माझ्या मते या विषयातले खरे नवलाचे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. मोहोळ तालुक्यातले शिरापूर.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली. १९७५ साली तिने सहा गावे निवडली. त्यातली चार महाराष्ट्रातली: सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातले कंझारा आणि किनखेडा. उरलेली दोन महबूबनगर जिल्ह्यातली. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे घेतली, दहा भूमिहीन मजुरांची आणि लहान, मध्यम, मोठ्या शेतकऱ्यांची दहा-दहा. इथवर सगळ्या पाहण्या सारख्याच असतात. निराळे होते ते पुढे. पाहणी करणारा माणूस गावातच राहायला गेला. खेड्यात वाढलेला, गावाची भाषा बोलणारा. तो दर तीन-चार आठवड्यांनी त्याच चाळीस घरी जायचा. काय पेरले, किती मजुरी मिळाली, बाजारातून काय आणले, कोणाकडून उसने घेतले, बैल विकला का, पाहुणे किती आले. हे पहिल्या खेपेस जवळजवळ दहा वर्षे चालले, पुढे २००१ नंतर पुन्हा सुरू झाले, आणि २००९ नंतर त्याचा विस्तार होऊन भारतातली तीस आणि बांगलादेशातली बारा गावे त्यात आली.

इक्रिसॅटने ही आकडेवारी आपल्याच शास्त्रज्ञांपुरती ठेवली असती तर कोणी दोष दिला नसता. मेहनत त्यांची, पैसा त्यांचा. पण त्यांनी ती बाहेरच्या संशोधकांना दिली. आणि मग त्या आकड्यांना असे प्रश्न विचारले गेले जे गोळा करणाऱ्यांच्या मनातही नव्हते.

मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी या नोंदींमधून लग्ने पाहिली. आपल्याकडे मुलगी लांबच्या गावी का देतात? आपण म्हणू, स्थळ चांगले आले, गोत्र जमले, मामाने सुचवले. या दोघांना दिसले ते असे: ज्या घराचे शेतीचे उत्पन्न जास्त बेभरवशाचे, त्या घराच्या सोयरिकी जास्त लांबच्या. इकडे पाऊस पडला नाही तरी तिकडे पडलेला असतो आणि व्याही अडीअडचणीला उभे राहतात. अशा सोयरिकी असलेल्या घरांच्या खाण्यापिण्यात दुष्काळी वर्षाचा हेलकावा कमी बसतो. १९८९ साली हा निबंध छापून आला. म्हणजे सासरी निघालेली लेक डोळे पुसत असते तेव्हा तिच्या पाठवणीत बापाच्या पिकाचा विमाही असतो! हे वाचून मला आनंद झाला की वाईट वाटले, अजून ठरवता येत नाही. पण आमच्या घरातल्या दोन आत्या आठवल्या, एक घाटावर दिलेली आणि एक पार डहाणूकडे, आणि दोन्हीकडून वेळोवेळी आलेली तांदळाची आणि ज्वारीची पोतीही आठवली.

याच नोंदींवरून रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी बैलांचा अभ्यास केला. वाईट वर्षी शेतकरी बैल विकतो, चांगल्या वर्षी घेतो. बैल हे अवजारही आणि बँकेतले खातेही. त्यामुळे शेतीला लागतात तितके बैल त्याच्या दावणीला कधी टिकतच नाहीत. शिकागोच्या रॉबर्ट टाऊनसेंड यांनी १९९४ साली शिरापूर, कंझारा आणि महबूबनगरचे औरेपल्ले या तीन गावांची वर्षानुवर्षांची घरखर्चाची गणिते मांडून दाखवले की एका घराचे उत्पन्न बुडाले तरी त्याचा खर्च त्या प्रमाणात बुडत नाही, तो सगळ्या गावाच्या खर्चाबरोबर खालीवर होतो. उसनवारी, देवघेव, मदत यांतून गाव एकमेकांना सावरते. मात्र भूमिहीनांना हे सावरणे कमी पडते, हेही त्याच आकड्यांत दिसले. अर्थशास्त्र शिकणारी जगभरची मुले हा निबंध वाचतात. मोहोळ कुठे आहे हे त्यांना नकाशावर दाखवता येणार नाही, पण शिरापूर हे नाव त्यांनी ऐकलेले असते.

एक गमतीची गोष्टही सांगितली पाहिजे. हान्स बिनस्वांगर या शास्त्रज्ञाने या गावांतल्या लोकांना खरे पैसे लावून नाणेफेक खेळायला लावली. एक पर्याय असा की नाणे कसेही पडले तरी पन्नास रुपये नक्की. दुसरे टोक असे की एका बाजूला दोनशे आणि दुसऱ्या बाजूला शून्य. मधे आणखी काही पर्याय. पन्नास रुपये ही तेव्हा मजुराची अनेक दिवसांची कमाई होती. गरीब माणूस जोखमीला भितो आणि श्रीमंत धीट असतो, असे पुस्तकात लिहिलेले असायचे. निघाले भलतेच. रक्कम मोठी झाली की गरीब आणि श्रीमंत बहुतेक सगळेच सारखे सावध झाले. फरक असला तर स्वभावात नव्हता. श्रीमंताला बुडाले तरी कर्ज मिळते, गरिबाला मिळत नाही, फरक तो होता.

आज इक्रिसॅटची ही आकडेवारी इंटरनेटवरच्या भांडारात आहे आणि लातूरच्या कॉलेजातल्या मुलीलाही ती उतरवून घेता येते. ती कितीजणी घेतात, हा प्रश्न अलाहिदा.

आता हे भांडार म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात. ग्रंथालयात पुस्तके असतात तशी इथे आकडेवारीच्या फाइली असतात. हार्वर्ड विद्यापीठाने तयार केलेली ‘डेटाव्हर्स’ ही व्यवस्था अनेक संस्था वापरतात. युरोपातल्या सर्न या अणुसंशोधन केंद्राने २०१३ मध्ये ‘झेनोडो’ सुरू केले. अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस, त्याच्यावरून हे नाव. तिथे जगातला कोणीही संशोधक आपली फाइल फुकट ठेवू शकतो. आपल्याकडे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे असे भांडार आहे आणि केंद्र सरकारने २०१२ साली सरकारी आकडेवारी खुली करण्याचे धोरणही जाहीर केले. ठेवलेल्या प्रत्येक संचाला एक कायमचा क्रमांक मिळतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. दुसऱ्याने तो संच वापरला तर त्याने मूळ कर्त्याचे नाव आणि हा क्रमांक द्यायचा, हा शिष्टाचार.

पण नुसती फाइल टाकणे म्हणजे ओसरीवर पोते टाकून जाणे. आत काय आहे याची चिठ्ठी हवी. इथे माझा स्वतःचा अनुभव कामाला येतो. त्या १९९१च्या पाहणीतली एक वही, फॉर्म नव्हे, माझी खासगी वही, घर बदलताना ट्रंकेच्या तळाशी सापडली. तीत एका ठिकाणी लिहिले आहे: ‘वि. २, पाणी दीड परस, घर १७, भात ३.’ परस म्हणजे पुरुषभर उंची हे ठीक, पण कोणाची? माझी की विहिरीवरच्या माणसाची? घर १७ कोणते? आणि भात तीन काय? तीन एकर, तीन खंडी, तीन मण, की तिसऱ्या प्रकारची जमीन? मीच लिहिलेले मला कळेना. म्हणून आकड्यांबरोबर खुलासा ठेवावा लागतो: कोणता रकाना कशाचा, एकक कोणते, कोणत्या दिवशी मोजले, उत्तर मिळाले नसेल तर काय लिहिले. पुष्कळ पाहण्यांत उत्तर न मिळाल्यास ९९ लिहायची पद्धत असते. खुलासा नसेल तर पुढचा वाचणारा त्या गावात नव्व्याण्णव वर्षांची बरीच माणसे आहेत असे समजतो.

आकडे उघडे असले की चुकाही सापडतात, आणि काही चुका महागात पडतात. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत प्राध्यापकांनी २०१० मध्ये एक निबंध लिहिला. देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर गेले की वाढ थंडावते, असा त्याचा सूर. युरोपात सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्यांनी तो झेंड्यासारखा नाचवला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या गृहपाठासाठी ते गणित पुन्हा करून पाहिले, ते काही जुळेना. त्याने मूळ तक्ता मागितला आणि प्राध्यापकांनी तो दिला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. ती चूक आणि मोजणीच्या पद्धतीतले इतर काही दोष सुधारल्यावर अशा देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावरून २.२ टक्के झाली.

आपल्या संशोधकांना मूळ आकडे द्यायला संकोच वाटतो, त्यात ही भीती मोठी असते. दुसरी भीती, मी वर्षभर उन्हात हिंडायचे आणि दुसऱ्याने पंख्याखाली बसून निबंध लिहायचा. ही भीती खोटी नाही. आपल्याकडे बढतीला निबंध मोजले जातात, पण नीट जमवून इतरांना दिलेली आकडेवारी कोणी फारशी मोजत नाही. ती मोजू लागले की कपाटे आपोआप उघडतील असे मला वाटते. सरकारचा संकोच आणखी वेगळ्या जातीचा. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीने आपला अहवाल ऑगस्ट २०११च्या अखेरीस दिला. ज्यांच्या डोंगराविषयी तो होता त्या लोकांना तो वाचायला मिळाला मे २०१२ मध्ये, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर.

इथवर मी खुलेपणाची बाजू लढवली. पण त्या आजीच्या पाड्यावर गेले की दुसरी बाजूही दिसते आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही.

शहापूर-मुरबाडच्या कातकरी, ठाकूर वस्त्यांवर जितके फॉर्म भरले गेले असतील तितके मलबार हिलवर खचित भरले गेले नसतील. गरिबाचे दार उघडे असते आणि ‘आत्ता वेळ नाही’ म्हणायची त्याला सवय नसते. आता समजा, एखाद्या पाहणीत विचारले की वीटभट्टीवर जाण्यासाठी शेठकडून उचल किती घेतली, फिटली किती, बाकी किती. अभ्यासासाठी प्रश्न महत्त्वाचा. पण हा तक्ता उघडा पडला आणि शेठने पाहिला तर? नावे काढून टाकली, क्रमांक घातले, म्हणून भागत नाही. तीस घरांच्या पाड्यात ‘विधवा, तीन मुले, शेळ्या दोन, धाकटा मुलगा आश्रमशाळेत’ एवढे म्हटले की नाव सांगायची गरज राहत नाही. शहरातल्या दहा हजार घरांत माणूस लपतो, पाड्यात लपत नाही. म्हणून चांगली भांडारे सरसकट सगळे उघडे ठेवत नाहीत. काही संच कोणालाही, काही अर्ज करून, कारण सांगून आणि लेखी हमी देऊन. विहिरीची खोली, पाऊस, नळयोजनेची जलवाहिनी, झाडांच्या जाती, यांना चेहरा नसतो, ते मोकळेपणाने द्यावे. कर्ज, आजार, जात, भांडण यांना चेहरा असतो, ते जपून. जंगलातल्या औषधी वनस्पतींच्या जागा तर काही वेळा मुळीच सांगू नयेत, दुसऱ्या दिवशी पोती घेऊन माणसे हजर होतात.

आणखी एक गोष्ट मला खटकते. या भांडारांतल्या गावांची माहिती गाव सोडून सगळ्यांना मिळते. ती इंग्रजीत असते, संकेतांत असते. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ हे केंद्र आहे. ठाणे-रायगडच्या पाण्यावर तिथल्या विद्यार्थ्यांनी बरेच काम केले आहे, नळयोजनांचा आराखडा करण्याचे ‘जलतंत्र’ नावाचे साधनही सगळ्यांना वापरता येईल असे ठेवले आहे. चांगली गोष्ट आहे. पण मोजमाप करून गेलेल्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही कॉलेजचा असो, एक पान मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लावू नये? शाळेतल्या मास्तरांना एक प्रत का देऊ नये? झेनोडोला देता, तर सापगावला द्यायला काय हरकत आहे? जागतिक भांडाराचे नियम मोठे कडक असतात म्हणे. या एका नियमाला अजून कोठे जागा मिळालेली दिसत नाही.

हे नुसते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. वही माझ्याकडे होती. तीत एका विहिरीची पाच आठवड्यांची पाच मोजमापे पुरी होती, तारखांसह. दोरीला दर फुटावर गाठ होती, हे मला पक्के आठवत होते. मी ते पाच आकडे टंकलिहून काढले, खाली खुलासा लिहिला, परस की फूट याचा घोळ होता तो आकडा वगळला, घरांचे क्रमांक वगळले आणि फाइल झेनोडोवर ठेवली. भाचीच्या मदतीने वीस मिनिटे लागली. पाच आकड्यांना जगातल्या शास्त्रज्ञांच्या फाइलींसारखाच एक लांबलचक क्रमांक मिळाला, त्याची मला थोडी लाजच वाटली.

मग त्याच फाइलीची मराठी प्रत घेऊन पाड्यावर गेलो. आजी जाऊन बरीच वर्षे झाली. तिची नातसून बारावी झालेली आहे. तिने कागद हातात घेऊन अंगणातच मोठ्याने वाचला: वरची विहीर, १८ एप्रिल, अकरा फूट पाणी, २५ एप्रिल, दहा फूट, पुढे नऊ, साडेसात, सहा. बायका ऐकत होत्या. मागच्या वेळचे ते म्हातारे गृहस्थही काठी टेकत आले.

‘‘वरची नाय ती,’’ ते म्हणाले. ‘‘वरच्या बावीला एवढा पानी कधी व्हता? तू खालच्या बावीवर बसायचास, आंब्याखाली. मी तुला बघितलाय.’’

थोडा वाद झाला. एक बाई म्हणाली वरचीच. मला आंब्याची सावली आठवली, वहीतल्या एका पानावर चिकाचा डाग आहे तोही आठवला. वरच्या विहिरीपाशी आंबा नव्हता आणि नाही. आम्ही सगळे उठून खालच्या विहिरीवर गेलो. नातसुनेच्या मुलाने दोरी सोडली. पाण्याला लागली तेव्हा दोन गाठी भिजल्या, तिसरी अर्धी.

भांडारात एकदा ठेवलेली फाइल पुसता येत नाही, पण तिची दुसरी आवृत्ती ठेवता येते, पहिलीही तिथेच राहते. रात्री घरी येऊन मी ‘वरची’ खोडून ‘खालची’ केले, कोणी सुधारले ते खुलाशात लिहिले, नाव न घालता, ‘पाड्यावरील ज्येष्ठ रहिवासी’ असे. खाली सहावी ओळ घातली: अडीच फूट. त्या दिवसाची तारीख टाकली.